माझ्या नावाचं ताट

माझं नाव कुणी आपणहून, पदरचे पैसे घालून कोरून घ्यावं असा प्रसंग माझ्या आयुष्यात एकदाच आला. त्याची आठवण झाली की आजही डोकं तापतं. चाळीस वर्षं होत आली, नांदेडच्या कॉलेजातून इंग्रजी शिकवून निवृत्तही झाले. राग मात्र निवृत्त व्हायला तयार नाही.

साल शहाऐंशी. लातूर जिल्हा होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. नवा जिल्हा म्हणजे नवी नवरी, उठसूट मिरवायची हौस. पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. एकीकडे टँकरपुढे घागरींची रांग, दुसरीकडे कुठल्या ना कुठल्या कार्यालयाचं उद्घाटन, असं चाललेलं. अशात पुण्याच्या एका संस्थेनं युवक आदानप्रदानाचा कार्यक्रम आणला. डेन्मार्कची मुलं तीन महिने आपल्याकडे एखाद्या घरी राहणार, प्रत्येकाबरोबर त्याच घरात आपल्याकडचा एक जोडीदार राहणार, आणि मग तीच जोडी तीन महिने डेन्मार्कला जाणार. एकमेकांची संस्कृती समजून घ्यायची.

मी तेव्हा नांदेडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मुलाखतीला त्रेचाळीस जण आले होते. निवड माझी झाली. वेटिंग लिस्टवर पहिलं नाव लातूरच्या मन्मथ नावाच्या मुलाचं होतं.

मला जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी घडलं. माझे वडील नरसिंग हनमंते, मुदखेडला रेल्वेत गँगमन. दुसऱ्यांच्या गाड्या जाव्यात म्हणून जन्मभर रूळ ठोकत राहिले, स्वतः मनमाडच्या पलीकडे कधी गेले नाहीत. आई पंचफुला त्या वर्षी रोजगार हमीवर पाझर तलावाची माती वाहत होती. निवडीचं पत्र आलं तेव्हा आईनं ते उलटसुलट करून पाहिलं, वाचता येत नसताना पाहिलं, आणि पेटीत साडीच्या घडीत ठेवलं. "इमानात बसणार का गं तू?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. त्या 'हो'ला जागायचं होतं.

अट एकच होती. तीन महिने संपले की यजमानानं एका फॉर्मवर सही करायची : 'सदर विद्यार्थिनी आमच्या घरी घरच्या मुलीप्रमाणे राहिली.' ती सही नसेल तर तिकीट वेटिंगवाल्याला.

आम्हाला घर मिळालं अहमदपूरचं. यजमान अमृतराव, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची अडत होती. लिंगायत घर, गळ्यात लिंग, पहाटे पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. नवं कोरं स्लॅबचं घर, जेवायला टेबल. स्वागत समितीचे अध्यक्ष तेच. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांच्या बायको रत्नम्मा उदगीरकडच्या, तोंडात मराठीबरोबर थोडी कानडीही. माझ्या जोडीदारणीचं नाव मेटे. एकोणीस वर्षांची, उंच, उन्हानं लाल झालेली, हातात सतत वही. आणि एक गोष्ट मला दुसऱ्याच दिवशी कळली. वेटिंगवरचा मन्मथ अण्णांचा सख्खा पुतण्या होता.

पहिले दोन दिवस मजेत गेले. विशाखा हे नाव आणि हनमंते हे आडनाव, यावरून अण्णांना अंदाज आला नव्हता. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हनमंते म्हंजे तुमी कोणापैकी?"

"मुदखेडचे," मी म्हणाले. "बौद्ध."

घास हातात होता, तो त्यांनी तोंडात घातला, चावला, गिळला. मग हसून म्हणाले, "बरं बरं. आमी असलं काई मानत न्हाई बरं का. माणूस महत्त्वाचा." रत्नम्माकाकूंनी भाकरी वाढता वाढता हात थोडा वर घेतला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. उघडलं तर स्टीलचं नवं ताट, वाटी आणि पेला. ताटाच्या काठावर अक्षरं : 'कु. विशाखा न. हनमंते हिस सप्रेम भेट'. मोंढ्यातल्या भांड्याच्या दुकानात चंद्रप्पा नावाचा माणूस मशीननं भांड्यांवर नावं टाकायचा, त्याच्याकडून टाकून घेतलं होतं.

"तुझ्यासाठी आणलं, पोरी," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच मऊ होता. "ह्याच्यातच जेवत जा. आन धुतलं की तिकडं मागं कोनाड्यात ठेव. आतल्या भांड्यांत मिसळू नको, हरवंल."

हरवंल! नाव कोरलेलं ताट कुठं हरवतं? नाव कोरतात ते हरवू नये म्हणूनच. लग्नातली भांडी शेजारी गेली, पंगतीत मिसळली, तरी नावावरून परत येतात. माझ्या ताटावर नाव होतं ते त्यानं आत येऊ नये म्हणून. मला हे तिथल्या तिथं कळलं. आणि मी काय केलं? "थँक्यू काकू" म्हणाले.

तर अशी व्यवस्था लागली. टेबल एकच, खुर्च्या सारख्या. भाजी तीच, भाकरी तीच. फक्त मला वाढताना पळी ताटाला लागायची नाही आणि पेल्यात पाणी वितीच्या उंचीवरून पडायचं. जेवण झालं की सगळ्यांची ताटं कामवाली गंगम्मा उचलायची, माझं मी. दुष्काळात पाणी मोजून, म्हणून ताट आधी राखेनं कोरडं घासायचं आणि मग तांब्याभर पाण्यात विसळायचं. मागच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीला एक कोनाडा होता. पूर्वी तिथं घासायची राख ठेवत. आता तिथं माझं ताट राहू लागलं, त्याच्याखाली राखेचं डबडं.

गंमत पाहा, मेटे घरी गाईचं मांस खायची. तिनं हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. काकूंनी कानावर हात ठेवले, मग म्हणाल्या, "त्येंच्या मुलकाची रीत हाय, त्येला काय करणार." आणि मेटेला घरातलं चांदीचं ताट. आमच्या घरात मांस कुठलं, आई आठवड्यातून पाच दिवस कण्या शिजवायची. पण रीत फक्त परक्या मुलखाला असते. आपल्या मुलखाला जात असते.

मेटे वहीत सगळं लिहायची. मोंढ्यातले हमाल, बैलांच्या शिंगांचे रंग, काकूंची रांगोळी, टँकरवरची भांडणं. दोन आठवडे ती माझ्यासमोर रोज बसून जेवली, आणि पंधराव्या दिवशी तिच्या लक्षात आलं. मागच्या अंगणात येऊन तिनं ताट हातात घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे तुझं नाव आहे?"

"हो."

"फक्त तुझ्याच ताटावर का? आणि हे इथं बाहेर का असतं?"

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं होतं. मलाही तसंच वाटतं, रोज वाटतं. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात काय झालं होतं ते ऐका. समितीची जीप टँकरच्या पाण्यानं धुताना मेटेनं पाहिली. इकडे बायका तांब्या तांब्यासाठी भांडून राहिल्यात आणि तिकडे जीपला आंघोळ. तिनं सरळ पुण्याला पत्र धाडलं. पुण्याहून अण्णांना खरमरीत उत्तर आलं. अण्णांनी ते मला वाचायला लावलं आणि म्हणाले, "तिला समजावून सांगत जा जरा. शेवटी सही मलाच करायची हाय." त्यावेळी बाजूला मन्मथ बसला होता. तो हल्ली दर रविवारी लातूरहून यायचा, आणि मेटेला "डेन्मार्कमध्ये थंडी किती असते?" असं विचारायचा.

ताटाचं खरं कारण मेटेला कळलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. पेटी उचलून बाहेर पडली असती. तिचं काय जात होतं? तिचं परतीचं तिकीट तिच्या पेटीत होतं.

"आमच्याकडची पद्धत आहे," मी म्हणाले. "ज्याचा मान करायचा त्याला नावाचं ताट देतात."

"आणि बाहेर का?"

"उघड्यावर... ऊन लागावं म्हणून. चांदणं लागावं म्हणून."

चांदणं! कुठून सुचलं कोण जाणे. एकदा खोटं बोलायला बसलं की ते सुंदरच सुचतं. मेटेचे डोळे भरून आले. तिनं वही आणली आणि तिथंच उभ्यानं लिहून काढलं. कोनाड्याचं चित्रही काढलं. मला तिचा इतका राग आला की सांगता येत नाही. अगं, राखेचं डबडं दिसत नाही का तुला? जीप दिसली, मी का दिसत नाही? पण डोळ्यांवर पट्टी मीच बांधली होती, आता तिला आंधळी म्हणायचं कोणत्या तोंडानं?

नोव्हेंबरात समितीनं आम्हाला सहलीला नांदेडला नेलं. गोदावरीचं पात्र वाळूनं भरलेलं, मधे पाण्याची चार डबकी. मग गुरुद्वारात दर्शन, आणि लंगर. दाराशी ताटांची ही चळत. जे हाती येईल ते घ्यायचं आणि पंगतीत बसायचं. अण्णांनी वरचं ताट उचललं, मी त्याखालचं, मेटेनं त्याखालचं. अण्णा माझ्या शेजारी मांडी घालून बसले. आधी हजारो लोक जेवून गेलेल्या त्या ताटात त्यांनी डाळ ओरपली, बोटं चाटली, आणि मला म्हणाले, "बघ, ह्याला म्हंतेत समता. लई बरं वाटतं हितं आलं की."

इथं तुमचं लिंग बाटलं नाही, तुमचं घर बाटलं नाही. संध्याकाळी अहमदपूरला पोचलो की माझं ताट राखेच्या डबड्यावर. असं मी म्हणाले नाही. "हो ना अण्णा," म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तोंड दाबणारा हातही माझाच होता.

बाहेर आल्यावर मेटे मला हळूच म्हणाली, "इथल्या ताटांवर नावं नव्हती. मला तुमच्या घरची पद्धत जास्त आवडली." मी चपला शोधू लागले. मग ती म्हणाली, "माझ्या आईला मी सगळं कळवलंय. तिला तर फारच आवडलं."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निरोपाचा कार्यक्रम ठरला. नव्या जिल्ह्याचे कलेक्टर येणार, वर्तमानपत्रवाले येणार. अण्णांनी ठरवलं की माझ्या फॉर्मवर सही स्टेजवर, कलेक्टरांसमोर करायची, फोटो काढायचा. तोवर फॉर्म त्यांच्या कोटाच्या खिशात. सही करतीलच असं काही ते बोलले नव्हते. मन्मथही सूट शिवून आला होता. मी मुदखेडला पत्र टाकलं आणि आई एसटीनं आली. हॉलमध्ये मागच्या भिंतीशी, बायकांच्या रांगेत जाऊन बसली. निळं लुगडं, हातात भाकरीची गाठोडी.

स्टेजवर मधे कलेक्टर, त्यांच्या शेजारी अण्णा. मेटेचं भाषण इंग्रजीत, मी शेजारी उभी राहून वाक्या वाक्याला मराठी करत होते. दुष्काळाबद्दल ती बोलली, मोंढ्याबद्दल बोलली. लोक टाळ्या वाजवत होते. मग तिनं टेबलाखालून एक पिशवी काढली. ती काढताना स्टीलचा आवाज झाला.

ती म्हणाली, "या घरात मी एक फार सुंदर रीत शिकले."

मी मराठी केलं. "या घरात मी एक फार सुंदर रीत शिकले."

"ज्याचा मान करायचा, त्याच्या नावाचं ताट करतात. ते आतल्या भांड्यांत मिसळत नाहीत. बाहेरच्या कोनाड्यात, चांदण्यात ठेवतात. विशाखाचं ताट तसं आहे."

मी हेही केलं. शब्दन् शब्द. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. अहो, तीनशे माणसं बसली होती. त्या तीनशेंतल्या एकालाही ताटाचा अर्थ सांगावा लागला नसता. ज्यांच्या घरात असा कोनाडा होता ते मान खाली घालून बसले, ज्यांची ताटं कोनाड्यात होती ते माझ्याकडे पाहू लागले. रत्नम्माकाकूंनी पदर तोंडावर ओढून घेतला. त्यांना माहीत होतं, हे सगळ्यांआधी त्यांनाच माहीत होतं.

मेटे आनंदानं पुढे बोलत होती, मी मराठी करत होते. "मला वाईट वाटायचं, माझ्या नावाचं ताट का नाही? म्हणून मी चंद्रप्पाकडून दोन करून घेतली. एक माझं. आणि एक अण्णांचं." तिनं ताट वर धरलं. दिव्याच्या उजेडात अक्षरं चमकली : 'श्री. अमृतराव अण्णा यांस सप्रेम भेट'. "अण्णा, तुमचं ताट विशाखाच्या ताटाशेजारी त्याच कोनाड्यात ठेवा. आम्हाला जायला तीन दिवस आहेत. तीन दिवस आपण तिघं त्यातच जेवू."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला. ताट त्यांच्यासमोर धरलेलं, घेता येईना, नाकारता येईना.

आणि तेव्हा कलेक्टर माझ्याकडे वळले. ते बाहेरच्या राज्यातले, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी माईक जवळ ओढला आणि मोडक्या मराठीत विचारलं, "ही रीत इकडं सगळीकडे आहे का? मी कुठं पाहिली नाही. नेमकं कारण काय?"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. अण्णांचा हात कोटाच्या खिशावर होता. खिशात फॉर्म होता. भिंतीशी आई उठून उभी राहिली होती, मला नीट दिसावं म्हणून.

एक वाक्य पुरलं असतं. 'साहेब, मी बौद्ध आहे म्हणून.' पाच शब्द. इंग्रजीतही मला येत होते, मराठीतही येत होते, मी तर दुभाषी होते. तीन महिने गिळलेलं सगळं जिभेच्या टोकाशी आलं होतं. मी मन्मथचा सूट पाहिला. आईच्या पेटीतलं, साडीच्या घडीतलं ते पत्र मला दिसलं.

"हो साहेब," मी म्हणाले. "इकडची जुनी रीत आहे. मानाच्या पाहुण्याला असं ताट देतात."

अण्णांनी श्वास सोडला तो मला स्टेजवर ऐकू आला. मग ते खुलले! त्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. खिशातून फॉर्म काढला, झोकात सही केली आणि माईकवर म्हणाले, "विशाखा आमच्या घरी लेकीवानी राहिली. आमी जातपात मानत न्हाई. आज आमी तिला परदेशी धाडून राहिलोत." टाळ्या. कॅमेऱ्याचा लखलखाट. फॉर्म माझ्या हातात देताना ते माझ्याकडे पाहून हसले. ओशाळं हसणं नव्हे ते. सौदा पटल्यावर व्यापारी हसतो तसं हसले. ते हसू मी आजतागायत विसरले नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी आईला स्टँडवर सोडायला गेले. वाटेत तिनं भाकरीची गाठोडी माझ्या हातात दिली. मी तिला फॉर्म दाखवला. तिनं तो हातात घेतला नाही.

"आये, बोल की काही."

"काय बोलू? म्या लोकाच्या दारात वरून पडलेलं पानी पिऊनच मोठी झाले. कोनाडा काय असतो ते मला नगं सांगू." मुदखेडची गाडी लागली होती. ती पायरीवर चढली आणि वळली. "पन आमाला कोनी इचारलं न्हवतं, का ठिवलं म्हनून. तुला सायबानं इचारलं. माईक देऊन इचारलं. तू सांगितलं, त्येनं ऐकलं, पेपरात येईल. आता तेच खरं."

गाडी निघून गेली. भाकरीची गाठोडी माझ्या हातात तशीच राहिली.

पुढचे तीन दिवस कोनाड्यात तीन ताटं होती. मेटे आणि मी आपापल्या ताटात जेवलो. अण्णांना मात्र मोंढ्यात कामाची एवढी गर्दी झाली की तिन्ही दिवस त्यांनी डबा दुकानावरच मागवला. त्यांच्या नावाच्या ताटाला अन्नाचा कण लागला नाही. निघताना काकूंनी माझ्या हातात माझं ताट ठेवलं. "घेऊन जा, पोरी. तुझं नाव हाय. आमाला काय कामाचं ते." त्यांना वाईट वाटत होतं, हे मी बघत होते. वाईट वाटूनही त्यांना ते ताट घरात नको होतं. मी ते परत नेऊन कोनाड्यात ठेवलं आणि पेटी उचलली.

विमानात बसले. ढगांच्या वर ऊन असतं हे पाहिलं. आईला सांगायचं म्हणून एकेक गोष्ट मनात साठवत होते, आणि आई ऐकेल की नाही याची खात्री नव्हती.

मेटेचं घर शेतात होतं. ऐंशी गाई, लांबलचक गोठा, आणि जिकडे पाहावं तिकडे बर्फ. नळाला चोवीस तास पाणी. तिची आई इंगर, दणकट बाई, गोठ्यात काम करून हात माझ्या आईसारखेच चिरलेले. तिनं मला पोटाशी धरलं, ओल्या कुशीला दुधाचा वास येत होता. वडील कमी बोलणारे. सगळे एकाच टेबलाशी जेवायला बसलो. सगळ्यांसमोर पांढरी ताटं, माझ्यासमोरही पांढरं, पण त्याच्या काठावर निळ्या रंगात काहीतरी लिहिलेलं होतं. मी वाकून पाहिलं. माझं नाव.

"मी रंगवलं," इंगर म्हणाली. "मेटेनं चित्र पाठवलं होतं ना."

मी जेवले. काय जेवले ते आठवत नाही. जेवण झाल्यावर इंगरनं सगळ्यांची ताटं गोळा केली, माझं सोडून. माझं तिनं वेगळं धुतलं, पुसलं, माझ्या हातात दिलं. मग स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं. बर्फाचा वारा आत आला. बाहेर भिंतीला एक नवी कोरी लाकडी फळी ठोकलेली होती, वर छोटंसं छप्पर. एका ताटापुरती जागा.

"वडिलांनी दोन दिवस खपून केलं," मेटे म्हणाली. तिचा चेहरा नुसता उजळला होता. "आज पौर्णिमा आहे. चांदणं लागेल."

दारात तिघं उभी होती. माझ्यासाठी. सात समुद्र ओलांडून मी आले होते आणि या भल्या माणसांनी, माझी जात ज्यांना ठाऊक नाही, गावकूस ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी प्रेमानं माझं ताट घराबाहेर काढलं होतं. कारण मी तसं सांगितलं होतं. अण्णांचा कोनाडा अण्णांनी ठेवला होता. हा माझा होता, माझ्या हातानं इथवर आणलेला. आईचे शब्द कानात वाजले. आता तेच खरं.

मी दार लावलं, धाडकन लावलं, काचा हादरल्या. कपाटाशी गेले, त्यांच्या सहा ताटांची चळत बाहेर काढली, माझं ताट बरोबर मधे घातलं आणि चळत परत आत ढकलली.

"नको, नको," इंगर घाईनं म्हणाली, "तुमची रीत..."

"ही रीत नाही," मी म्हणाले. ओरडलेच. "मी खोटं बोलले. हा मान नाही. मी त्यांच्या दृष्टीनं घाण आहे म्हणून माझं ताट बाहेर होतं. राखेच्या डब्यावर होतं. तुझ्या चित्रात तू डबा काढलाच नाहीस!"

मेटेच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मी सांगत राहिले. पाणी कसं पडायचं, पळी कशी लागायची नाही, हॉलमध्ये कोण का हसलं. तिच्या वडिलांना इंग्रजी कमी समजायचं, इंगर त्यांना त्यांच्या भाषेत सांगत होती. आता दुभाषी ती होती. मधेच ते उठले, पक्कड घेतली आणि बाहेर गेले. भिंतीतून खिळे उपसण्याचा आवाज येऊ लागला.

मेटे रडत होती. मला तिची कीव आली नाही. "तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं. "मी तुझ्यासाठी भांडले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," मी म्हणाले. "मला इथं यायचं होतं."

बाहेर शेवटचा खिळा निघाला. इंगरनं कपाट उघडलं, सकाळच्या न्याहारीसाठी चळतीतली वरची चार ताटं न पाहता उचलली आणि टेबलावर मांडली. माझ्या नावाचं ताट मेटेच्या वडिलांच्या जागेसमोर आलं.